कटती

सावदा–फैजपूर रस्त्याला, केळीबागांच्या मधोमध
साठ टनी काटा. मी रात्रपाळीचा.
सातला आलो की पहिलं काम शून्य लावायचं.
रिकामा पाटा कधीच रिकामा नसतो:
टायरची माती, केळीचा चीक,
मे महिन्यात तापून फुगलेलं लोखंड,
एकदा तर वीस किलोचं झोपलेलं कुत्रं.
बटण दाबलं. शून्य आलं.
म्हणजे कुत्रं धरून शून्य.

भंगाळे सर फिरायला निघतात ते इथंच टेकतात.
बी.एस्सी.ला त्यांनीच शिकवलं मला,
नापासही त्यांनीच केलं.
पावतीच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितात
विश्वातली चार बळं.
तीन एका ओळीत बसवतात. ओळ लांबते, कागद आडवा करतात.
चौथं खाली, एकटं.
"तिघं एका पंगतीला बसले, धनराज.
याची चूल अजून वेगळी."
मी पाट्याकडे बघतो.
वेगळी चूल मांडलेल्या याच बळावर
आमच्या मालकाचा प्रपंच चाललाय,
भरली गाडी शंभर रुपये, रिकामी साठ.

एक दिवस एकच समीकरण येईल, सर म्हणतात,
बनियनवर छापता येईल एवढं.
त्या तिघांच्या ओळीतसुद्धा
एकोणीसेक आकडे आहेत, तेवढेच का, कुणी सांगत नाही,
मोजून आणून घालावे लागतात.
म्हटलं, सर, ही तर कटती.
दांड्याची इतकी, पाण्याची इतकी,
दिल्लीपर्यंत वाटेत पिकेल त्याची इतकी.
सर हसले नाहीत.

वजनमापवाले आले होते मागच्या महिन्यात,
बिडाची वजनं घेऊन. त्यांवर वरच्या ऑफिसचा शिक्का,
त्याच्यावर त्याहून वरच्याचा.
सगळ्यात वर कोण?
पूर्वी परदेशात कपाटात जपलेला धातूचा गट्टू होता, सर म्हणाले,
आता तोही नाही. आता एक आकडा आहे,
अणूच्या आतल्या जगातून आणलेला.
"म्हणजे चूल एक झाली की!"
"नाही रे. भांडं उसनं घेतलं, एवढंच."

सुभान तडवी गाडीच्या फाळक्यावर बसून ऐकत होता.
पालकडचा. दिवसाला दोन गाड्या भरतो.
"धनराजभाऊ, या काट्याचं सोताचं वजन किती?"
मी हसलो. मग हसू अर्ध्यातच राहिलं.
काटा काट्यावर चढत नाही.
दुसरा आणावा लागेल, याहून मोठा,
आणि त्याचं वजन विचारायला
सुभान तिथंही येऊन बसेल.

सर बराच वेळ कप फिरवत राहिले.
गणितात हे सिद्ध झालंय, म्हणाले.
पुरेशी मोठी वही
आपल्या खरेपणाचा दाखला
आपल्याच पानांवर लिहू शकत नाही.
"मंग गणित सोडलं का लोकांनी?"
"छे. उलट जास्तच करायला लागले."

तेवढ्यात वीज गेली.
लाल आकडे विझले, अठरा हजार चारशे, पुढचे दिसलेच नाहीत.
गाडी पाट्यावर तशीच.
अंधारात लोखंड किंचित करकरलं,
कच्च्या केळीचा वास जरा जवळ आला.
सरांनी पेन उघडंच धरलेलं.
"उतरवायची का गाडी?" सुभाननं विचारलं.
थांब, म्हटलं. येईल.