छताची वही

ग्रीनकच्या गोदीमागे एक बंद पडलेली शाळा आहे.
तिच्या जेवणघरात मंगळवारी आम्हाला बसवलं,
सतरा जणांना. सुतार, वायरमन, नळवाले,
लेशेक नावाचा एक पोलिश गिलावेवाला,
आणि रुअरी, माझ्या हाताखालचा पोरगा,
मिसरूड अजून फुटायचंय, डोळा फुकटच्या बिस्किटांवर.

शिकवायला एफी मॅकास्किलबाई.
चष्मा गळ्यात, आवाज बोथट करवतीचा.
तिने टेबलावर पिशव्या मांडल्या,
दुहेरी प्लास्टिकच्या, तोंडं चिकटवलेल्या:
फरशीचा काळा तुकडा, बॉयलरच्या दाराची दोरी,
पत्र्याचा एक कोपरा,
आणि एक राखाडी फळी.

ही तर मी ओळखतो, म्हटलं मनात.
ओळखतो म्हणजे, कापली आहे.
गुडघ्याखाली दाबून, हातकरवतीने,
पोर्ट ग्लासगोच्या दवाखान्यात, त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात.
दुपारी डबाही तिच्यावरच उघडला होता.

“वास येतो का?” रुअरीने विचारलं.
नाही.
“खाज?”
नाही.
“मग कळतं कसं?”
“कळत नाही,” बाई म्हणाली, “हेच तर दुखणं.
कळतं तेव्हा तीस-चाळीस वर्षं गेलेली असतात
आणि तू नातवाच्या मागे जिना चढताना
तिसऱ्या पायरीवर कठडा धरतोस.”

मग तिने टेबल पुसलं, ओल्या फडक्याने,
सावकाश, एकाच दिशेने.
झाडू का मारायचा नाही, ते तिने एवढ्यावरच सांगितलं.
“हात लावला नाहीत तर ही फळी
तुमच्या पतवंडांपर्यंत गप्प बसेल.
झाकली मूठ आहे ती.
उघडतो आपण. घाईत.
एका स्क्रूसाठी.”

“न विचारता छताला भोक पाडलंय कुणी?
हात वर करा.”
रेडिएटर तेवढा खाकरला.
लेशेक बुटांच्या नाड्या बघत राहिला.
पहिला हात माझा. मग एकेक करत
रुअरी सोडून सगळ्यांचे.
शेवटी बाईने स्वतःचा वर केला.
अठरा वर्षं ती वायरमन होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

“बाई,” रुअरी म्हणाला, “आणि हे छत?”

सतरा माना वर गेल्या.
चौकोन चौकोन, एकावर चहाच्या रंगाचा डाग,
खिडकीजवळच्या एकाचा कोपरा तुटलेला.
बाई काहीच बोलली नाही. उठली,
रखवालदाराच्या खोलीतून वही घेऊन आली,
चष्मा चढवला, पानं उलटली,
आणि जशी ओळ होती तशी वाचली:
जेवणघर, छत. तपासलेलं नाही.
आहे असं गृहीत धरावं.

खुर्ची कुणी ओढली नाही. उचलली.
सतरा दांडगे गडी
निजलेल्या तान्ह्याच्या खोलीतून निघावं तसे निघालो.
उरलेला वर्ग गाडीतळावर झाला,
खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात कागद धरून.
बिस्किटं आतच राहिली.

गुरुवारी गूरॉकच्या शाळेत काम होतं.
मुख्याध्यापिकेला पडदा शुक्रवारी हवा, चार भोकं फक्त.
रुअरी शिडीवर, ड्रिल हातात,
बोट खटक्यावर,
आणि तसाच खाली उतरला.
“वही बघूया आधी.”

वही कपाटात, कपाटाची किल्ली डंबार्टनला.
मुख्याध्यापिकेने दोनदा घड्याळ पाहिलं,
तिसऱ्यांदा आम्हाला दाखवलं.
आम्ही शिडीच्या पायाशी बसलो, थर्मासमधला चहा ओतला.
न पाडलेल्या भोकाला शाबासकी नसते,
मजुरीच्या कागदावर त्याला रकानाही नसतो.
तास जाऊन वर दहा मिनिटं झाली.

“ती फळी कापलीत तेव्हा,” रुअरीने विचारलं,
“भुसा कसा होता?”

“पिठासारखा,” मी म्हणालो.
“पेन्सिलची रेघ झाकली जायची.
मग मी वाकून
फुंकर मारायचो.”