परत काढून दाखवा

धोत्रेबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा
फोर-एटी-सिक्स त्यांच्या मांडीवर होता,
लुगड्याच्या काठानं आडवा-उभा बांधलेला,
जुन्या पोस्टकार्डाइतका पिवळा.
बुधवार पेठेतलं माझं दुकान दोन माणसांचं;
तिसरं आलं की मी स्टुलावरून उठतो.

"यात अकरा हजार शब्द आहेत," त्या म्हणाल्या,
"आमच्या वडारी बोलीचे. टेपवर घ्यायचेत."
ड्राइव्ह त्यांनी स्वतःच आणलेला,
जुन्या बाजारातून, घासाघीस करून तीनशे वीसला.
विकणाऱ्याला तो गाडीतला टेपरेकॉर्डर वाटला होता.

प्रश्न सॉफ्टवेअरचा होता.

पहिलं ड्राइव्हबरोबरच आलेलं, चार फ्लॉपी,
तिसरीवर बुरशी; पुसून चालवली.
ते सगळं आवळून एकाच काडतुसात बसवतं,
पण गाठी मारतं स्वतःच्याच,
आणि गाठ सोडवणारी कंपनी
कुणीतरी विकत घेऊन बंद केली.
दुसरं देखणं. पडद्यावर घड्याळ, उडणारे कागद.
सोळा एमबी मेमरी मागतं, इथे आठ.
बाई म्हणाल्या, "पाहुणा घरापेक्षा मोठा आहे."
तिसरं म्हणजे काळ्या पडद्यावर एक ओळ.
आवळत नाही, सजवत नाही,
आहे तसं एकामागं एक लिहीत जातं,
उद्या कुठलंही मशीन वाचेल असं.
दोन काडतुसं खाईल, अडीच तास खाईल.

मी पहिलंच लावलं. गुरुवार होता,
बाराला लाईट जाणार होती.
अठ्ठावीस मिनिटांत हिरव्या अक्षरांत यश.
मी पावतीपुस्तक ओढलं.

"आता परत काढून दाखवा," बाई म्हणाल्या.

सात वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.
लोक भरून घेतात, पैसे देतात, जातात.
रिकाम्या डिस्कवर परत काढलं.
फायली आल्या. नावं आली. आकडे जुळले.
'घ'ची फाईल उघडली, तर नुसत्या चौकटी.

बाई रागावल्या नाहीत.
"माझा बाप छिन्नी लावायच्या आधी
दगडाला टिचकी मारायचा.
आत तडा असला की दगड वेगळा बोलतो.
त्या आवाजाला आमच्यात शब्द आहे."
मी विचारला, त्यांनी सांगितला.
इथे लिहीत नाही. तो त्यांच्या यादीतला आहे,
आणि माझ्या तोंडून नीट येतही नव्हता.

मग तिसरं.
मशीन म्हातारं, टेपला पुरेसं भरवेना.
टेप पुढे जायची, थांबायची, मागे यायची,
पुन्हा तिथूनच निघायची.
आमच्या धंद्यात याला बूट पुसणं म्हणतात.
"आई अशीच सांगायची," बाई म्हणाल्या,
"एक शब्द, मग गप्प, मग मागचाच पुन्हा,
मग कुठं पुढचा."
मी पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून.

बाराला लाईट गेली. 'त'पर्यंत आलो होतो.
समोरच्या मोईन अत्तारकडनं इन्व्हर्टर उसना आणला.
पुन्हा 'अ'पासून.

चार वाजले. परत काढलं, 'घ' उघडला.
बाई बोट पडद्यावर टेकवून वाचत गेल्या
आणि एका ओळीवर थांबल्या.
माझ्या पोटात गोळा.
"हे मीच चुकवलंय," त्या म्हणाल्या,
"सहा वर्षं चुकीचंच ठेवलंय. थांबा, दुरुस्त करते."

म्हणजे पुन्हा टेप.
मी काही बोललो नाही, दोन चहा सांगितले.

काडतुसं हडपसरला बहिणीकडे जायची होती,
तांदळाच्या डब्यात.
स्पीकरपासून लांब, मी दोनदा बजावलं.

त्या गेल्यावर कपाटातून माझ्या टेपा काढल्या,
पाच वर्षांचा हिशेब, एकदाही न उघडलेला.
एकीवर टिचकी मारली.
प्लॅस्टिक वाजलं, त्यावरून काही कळेना.
ड्राइव्ह जोडायला टेबलाखाली वाकलो.