उसनी ट्यूब

दक्षिण मोराव्हियात, जिथून ऑस्ट्रिया
दोन टेकड्या आणि एका ओढ्याइतकाच लांब,
मी भाड्याची सायकल घेऊन निघाले
नकाशा न बघता. म्हणजे नकाशा होता,
पुढच्या टोपलीत, पावाखाली.

दुपारचे दोन. रस्त्यावर चिटपाखरू नाही.
द्राक्षांच्या ओळी चढावर माझ्याबरोबर धापा टाकत,
उतारावर मागे पडत.
प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक गुलाब.
रोग आधी त्याला धरतो, मग वेलींना, हे नंतर कळलं.
तेव्हा वाटलं, हौस.

मध्येच कुठेतरी बार उडाला.
भोरड्यांचा थवा उठला, आभाळभर एक गिरकी घेऊन
पुन्हा त्याच ओळीत उतरला.
तोफेत नुसता गॅस असतो.
भोरड्यांना हे माहीत आहे. मालकालाही.

आणि मग, फुस्स.

समोर तळघरांची गल्ली:
टेकडीच्या पोटात शिरणारी नुसती दारं,
मागे घरं नसलेली.
एका दारात स्टुलावर व्हेंडेलीन.
त्याने आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आत गेला, आणि पंप आणायचा सोडून
काचेची लांब नळी घेऊन आला.
पिंपातून वाईन ओढली, वर अंगठा दाबला,
माझ्या पेल्यात सोडली. गवताच्या रंगाची, गार.
पंक्चर कुठे पळून जातंय?

आत छतावर काळी बुरशी, मेंढीच्या पाठीसारखी मऊ,
तिच्यात खोचलेली नाणी,
आणि खुंटीवर एक हिरवी सायकल.
ती त्याने उतरवली मात्र,
मळ्यातून झ्दिस्लावा आली, हातात कात्री.

भाषा कळत नव्हती.
भांडण शब्दन् शब्द कळलं.
नऊ वर्षं टांगलेली आहे ही.
मग? रविवारी बसणार आहे मी.
कुठल्या रविवारी?

शेवटी तिनेच दोन चमचे लावून टायर उचकटला,
आपली ट्यूब माझ्या चाकात भरली,
माझी फाटकी खिशात घातली.
एक बोट वर: उद्या.
तेच बोट जमिनीकडे: इथे.

म्हणून दुसऱ्या दिवशी तोच रस्ता.
काल उतरले ते सगळं चढले,
कालचे चढ आज फुकटात मिळाले.
गुलाब या बाजूने दिसलेच नाहीत,
ओळी संपल्यावर मान वळवली तेव्हा दिसले.
टोपलीत गावातून घेतलेली कोरी ट्यूब.

दाराला कुलूप. स्टूल रिकामं.
हाक मारावी, तर कुठल्या भाषेत?

इतक्यात वरच्या वाटेवर घंटी वाजली, गंजकी.
हिरव्या सायकलवर झ्दिस्लावा,
हँडल डावीकडे, मग उजवीकडे,
मागच्या चाकात माझीच ट्यूब, ठिगळ लावलेली,
आणि मागे व्हेंडेलीन धावतोय
सीटपासून वीतभर अंतरावर हात धरून,
न लावता.

गुरुवार होता.
मी कोरी ट्यूब पावाखाली सरकवली
आणि रस्त्यातून बाजूला झाले.