वाया गेलेला ताव

पहिला सेनापती फेब्रुवारीत आला,
ईमेलने, धूसर, डाव्या गालावर चामखीळ.
वाशीचा दलाल फोनवर म्हणाला :
चामखीळ काढा. दहा वर्षं कमी करा.
मागे पहाट हवी.

पहाट माझ्याकडे होती.
एका पतपेढीच्या कॅलेंडरसाठी
पारसिकच्या डोंगरावरून मीच टिपलेली.
खाली खाणीची धूळ होती, ती कापली
आणि सूर्य त्याच्या खांद्यावरच्या ताऱ्यांना टेकवला.

देशाचं नाव चलनावर होतं.
नकाशात शोधला तर नखाखाली गेला.
फोटोखालची लिपी कुणालाच येईना.
दामा भगत म्हणाला, 'अमर रहे' असणार,
दुसरं काय लिहितात?
वीस हजार प्रती, जाड आर्ट पेपर,
वरून चकाकी, कारण तिकडची हवा दमट.

दुसरा श्रावणात आला.
दलाल तोच, कंपनीचं नाव नवं.
फोटोत फक्त डोकं.
धड तुमच्याकडे आहेच की, दलाल म्हणाला,
पट्टा तेवढा लालचा हिरवा करा.
गेल्या वर्षापर्यंत एकच फौज होती त्यांची,
शिंपीही एकच.

मान बसेना.
कॉलर अर्धं सूत वर ओढली.
पदकं मोजली. नऊ. तीच नऊ.
पहाट उलटी फिरवली, सूर्य दुसऱ्या खांद्यावर गेला.
देढियाशेठ काचेतून डोकावले,
आगाऊ पैसे आलेत का, एवढंच विचारलं.

मशीन सुरू करताना, रंग जुळेपर्यंत,
कोरा कागद कोणी घालत नाही.
आधीचे वाया गेलेले ताव पुन्हा घालतात.
त्या दिवशी रबाळ्याच्या त्या शेडमध्ये
दामाच्या हाताला फेब्रुवारीचा गठ्ठा लागला.

एकावर दुसरा उमटला.
चार डोळे, एक तोंड,
दोन्ही खांद्यांवर सूर्य,
पट्टा चिखलाच्या रंगाचा.
खालच्या ओळी एकमेकींत अशा अडकल्या
की तिथल्या माणसालाही वाचता आल्या नसत्या.
आणि डाव्या गालावर, बरोब्बर त्याच जागी,
शाईत कचरा अडकून पडलेला एक ठिपका.

ते ताव दामाने घणसोलीला नेले.
दिवाळीनंतर कशाला तरी गेले त्याच्याकडे,
तर गच्चीवर त्याच्या आईने त्यांवर सुकट पसरलेली.
कागद बेस हाय गो, म्हणाली, पानी नाय धरीत.
मग हाताने थोडी सुकट बाजूला सारून,
ह्यो कोन?
मी वाकले. बोट ठेवलं. हा कपाळापासून इथवर पहिला,
आणि इथून...
इथून मलाच सुटा करता येईना.
ती केव्हाच कावळ्याकडे वळली होती.

काल दलालाचा फोन. फाइल आहे ना जपून?
पाच हजार हवेत, काळी चौकट घालून.
कोणाचे, मी विचारलं.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज,
बराच वेळ.
मग म्हणाला,
पट्टा लाल धरा सध्या.