तळहाताएवढी जागा

शनिवारी साडेसातला गाश्पेर दारात.
धुतलेली मोटरसायकल, विंचरलेले केस,
पाठीवरच्या पिशवीत घडी घातलेला कोट.
घाटापलीकडे, त्रेंतात, बहिणीचं लग्न, अकराचा मुहूर्त.
"रोझालिया, दहा मिनिटं दे," म्हणाला,
"सगळी लखलखतेय, टायर तेवढे राखाडी.
नवऱ्याकडची माणसं गाड्यांतलीच आहेत,
नजर खाली जाणारच."
आणि खिशातून काढला डबा,
काळा, सोनेरी झाकणाचा, सील न तोडलेला.

मी हातातला पाना खाली ठेवला.
क्रान्स्का गोराहून वर चढणारी प्रत्येक गाडी
माझ्या दारावरून जाते.
चाळीस वर्षं बघतेय.
काही टेम्पोत आडव्या पडून परत येतात.

म्हटलं, बस खाली. तसं नाही, उकिडवा.
टायर जमिनीला टेकतो ती जागा बघ.
हात ठेव शेजारी.
तेवढीच.
पुढे एक तळहात, मागे एक.
इंजिन, आरसे, भरलेली टाकी, तू, तुझा कोट,
सगळं या दोन तळहातांवर.
शीर तळहातावर घेणं म्हणतात ना,
ते काय लढाईवरच जाताना असतं?
लग्नाला जातानाही असतं.

"पण मी नुसत्या बाजूला लावणार. फडक्यानं. जपून."

बाजू संपते कुठे रे?
मोटारीचं बरं आहे, ती उभ्यानं वळते,
तिला बाजू असते.
हिला वळणावर कलंडावं लागतं.
सरळ रस्त्यावरची बाजू
वळणावर तळवा होते.
आणि चाक फिरलं की तुझं ते सिलिकॉन
लावलं तिथं थोडंच थांबणार?
वर पन्नास वळणं.
या अंगाच्या वळणांवर दगडी फरशी,
सकाळच्या दवानं आधीच साबण झालेली.

चमक मलाही आवडते. टाकीला लाव,
आरशाच्या दांड्यांना लाव,
बुटांना लाव, तिथं कोण अडवतंय!
विसाव्या वर्षी मीही लावलं होतं.
तेव्हा असले डबे नव्हते,
आईची ग्लिसरीनची बाटली होती.
एकविसावं वळण.
माझा डावा गुडघा अजून
उद्याचा पाऊस आज सांगतो.

गाश्पेर गुडघ्याकडे बघून हसला, भलेपणानं.
म्हातारी माणसं बोलतात तेव्हा हसतात तसा.

मग मी अंगणातला जुना टायर दाखवला.
पिका रोज त्यावर झोपते, उन्हं आली की.
सील तोडायचंच असेल तर तिथं तोड.
त्यानं तोडलं. फवारलं, पुसलं, पुन्हा फवारलं.
खरंच सुंदर दिसला टायर,
ओल्या जांभळासारखा.

पिका आली, वेळेवर.
उडी मारली, चारही पाय टेकले
आणि चारही चार दिशांना गेले.
नटबोल्टांचं ताट उलटं, पिका त्यात.
उठली, आमच्याकडे पाठ केली
आणि पंजा चाटू लागली,
जणू ताटातच उतरायचं होतं.
पडलो तरी नाक वर.

गाश्पेर हसता हसता खाली बसला,
मग हसायचा थांबला.
बादली घेतली, साबणाचं पाणी, ब्रश.
दोन्ही टायर घासले, खाचांतला एकेक खडा काढला.
वाळल्यावर ते राखाडीच राहिले.
सव्वाआठला निघाला.
पहिल्या वळणापर्यंत मी आवाज ऐकला,
दुसऱ्यापर्यंत ऐकल्यासारखं केलं.

रविवारी आला. अक्रोडाची पोतित्सा घेऊन, अर्धी.
उरलेली वाटेत खाल्ली म्हणाला.
विचारलं, पाहिले का कुणी टायर?
"नवऱ्याच्या चुलत्यानं.
खाली वाकला, रबरावरून बोट फिरवलं,
बोटाकडे बघितलं.
बोलला काहीच नाही.
जेवताना मात्र मला शेजारी बसवलं."

डबा इथंच आहे, फळीवर, अर्धा.
अंगणातल्या टायरवर आधी धूळ चिकटली,
मग तीन पाऊस होऊन गेले.
पिका अजून भिंतीवर झोपते.
परवा आली, एक पंजा ठेवला,
उचलला,
हुंगला,
पुन्हा ठेवला.
बसली नाही.