मागे सरकायला जागा

तिबिलिसीत एक पूल आहे, त्याच्याखाली नदी नाही.
नदी कधीतरी वळवली, पूल राहिला,
आणि पुलावर येऊन बसलं ते सगळं, जे कुणाला घरात नको होतं:
पदकं, चमचे, बिनझाकणाच्या सुरया,
एका लग्नाचे अकरा ग्लास,
आणि बोंडोच्या गाडीच्या बॉनेटवर, हिरव्या मखमलीवर,
लेन्सा.

कॅमेरा माझ्याकडे होता. भावाने ग्दान्स्कहून पाठवलेला, वापरलेला.
त्याच्यासोबत आलेल्या लेन्सला पहाटेचं दिसत नाही.
म्हणजे दिसतं, पण हललेलं.
वाझाकाका भट्टीत कमरेपर्यंत वाकतो,
आतल्या तापल्या भिंतीला लांबट शोती थापतो,
आणि फोटोत येतो धुराचा, बिनचेहऱ्याचा.
"काय उजेड पाडलास, ग्वांत्सा?" तो विचारतो.
उजेडच तर पडत नाही, काका.

शोरूममध्ये एक होती. चौदाशे लारी.
विक्रेत्याने ती माझ्या हातात दिली नाही.
माझ्या नखांत पीठ होतं म्हणून नसेल.
पण होतं.

बोंडोकडे मी आधी पन्नासची उचलली, साठ लारी,
अंगावर एक ओरखडा नाही.
त्याने ती काढून घेतली.
"आभाळाकडे धर. आता पात्या बघ."
पात्यांवर तेल.
डोळ्यात तेल घालून बघावं म्हणतात,
हिच्या डोळ्यातच ते गळून बसलं होतं.
"जिला कुणी वापरत नाही, ती अशीच चकाकते," तो म्हणाला
आणि थर्मासमधून स्वतःपुरता चहा ओतला.
"काय टिपायचंय?"
भट्टी.
"केवढी आहे?"
मी हात पसरले.
"भट्टी नाही गं. तुला मागे सरकायला जागा किती?"

हे मला माहीत नव्हतं.
चार वर्षं मी त्या खोलीत उभी आहे.

सोमवारी मोजलं.
भट्टीच्या तोंडापासून पिठाच्या पोत्यांपर्यंत साडेतीन पावलं,
पोती नुकती आली असतील तर तीन.
यीस्टच्या खोक्याला चौकोनी भोक पाडलं,
त्यातून आठवडाभर बघत राहिले:
हात लांब केला तर काकाचं नुसतं डोकं,
खोकं नाकाशी आणलं तर भट्टीसकट काका,
वरची काळी कमान, खालचे त्याचे रबरी बूट.
गल्ल्यावरची मनाना म्हणाली,
"खोक्यातून बघायचे पैसे पडत नाहीत ना? मग झालं की."

शनिवारी मागितली पस्तीसची. एकच होती.
रिंगवरचे आकडे पुसट, अंगावर पोचा,
आणि काचेच्या कडेला बुरशी,
मुळीसारखी, एका केसाएवढी.
"एकशे चाळीस."
बुरशीचे कमी करा.
"बुरशीचे लावलेच नाहीत."
अडॅप्टर वेगळा, वीस लारी.
बसचे पैसे त्यात गेले.
चालत निघाले तेव्हा मागून ओरडला,
"कोरड्यात ठेव! बाकीच्या लेन्सांपासून लांब!"
बाकीच्या लेन्सा.
मला चढावर एकटीलाच हसू आलं.

हिला आपोआप काही येत नाही.
फोकसची रिंग हाताने फिरवायची,
घट्ट, थिजल्या मधात चमचा फिरवल्यासारखी.
पहिले दोनशे फोटो गेले.
कधी बूट स्पष्ट, कधी मागची भिंत,
एकदा एक माशी, अगदी केसाकेसासकट.
मग मंगळवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी,
पाठ पोत्यांना टेकवून, श्वास धरून,
काका वाकला आणि मी दाबलं.

कोपऱ्यात थोडं धुकं आहे.
बुरशी असेल, पीठ असेल, मी विचारायला गेले नाही.

वाझाकाकाने कॅमेरा दोन्ही हातांत धरला,
चष्मा कपाळावर ढकलला, बराच वेळ बघितलं.
मी उभी, ओठ कोरडे.
मग त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं,
त्याच्या खांद्यामागे, फळीवर, डावीकडून तिसरी.
"ही करपलेली," तो म्हणाला.
"ही तू विकलीस?"