प्रश्न तिसरा (आ), गुण दोन

'रस्त्यात पाकीट सापडल्यास तुम्ही काय कराल?'
कोंढव्यातली आमची शाळा, सातवी ब,
अठ्ठेचाळीस उत्तरपत्रिका, एक लाल पेन
आणि नमुना उत्तर:
जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करीन. एक गुण.
कारण प्रामाणिकपणा हे चांगल्या नागरिकाचे लक्षण आहे. एक गुण.

एकतीस जणांनी तेच लिहिलंय,
गाईडातल्या स्वल्पविरामासकट.
त्यात वेदांग पानसेचं अक्षर मोत्यासारखं.
गेल्या महिन्यात शेजारच्याचं कर्कटक
ज्याच्या दप्तरात निघालं, तो हाच.
दोनपैकी दोन. काय करणार,
कर्कटकाचा प्रश्न पेपरात नव्हता.

गगन रोकाया, वडील सोसायटीच्या गेटवर, रात्रपाळी.
'आमच्या गावात वाटेवर चौतारी असते.
तिथे दगडाखाली ठेवायचं.
ज्याचं असेल तो परतताना नेतो.
पोलीस दोन दिवस चालल्यावर लागतात.'
मी हसले. मग फोनवर त्याचं गाव शोधलं.
नकाशात नुसता हिरवा रंग होता,
त्यात एक नदी.

सालेह बावझीर, वडील विद्यापीठात पीएचडी करतात.
मराठी त्याची तिसरी भाषा,
काने-मात्रे अजून घर शोधतायत.
'आजोबा सांगायचे, वर्षभर विचारत राहायचं,
बाजारात, मशिदीच्या दारात,
कुणाचं काही हरवलं का.
आता तो बाजार नाही मॅडम.
मग कुठे विचारू?'

पेन टोपण घालून ठेवलं. चहा केला.

खरं सांगायचं तर परीक्षेच्याच दिवशी
परिपाठाला उशीर नको म्हणून
लुल्लानगरच्या चौकात मी राँग साइडने गाडी घातली होती.
परिपाठाचा विषय: शिस्त.
समोर लाल दिव्याला ढकलगाडी थांबवून
तनुजा अडागळेची आई उभी.
एका डब्यात ओला, दुसऱ्यात सुका.
पुढे रस्ता मोकळा होता,
तरी उभी होती.
मला ओळखून तिने हात वर केला.
मी हेल्मेटची काच खाली ओढली.

गठ्ठ्यात तनुजाचा पेपर सगळ्यांत खाली निघाला,
की मीच तो खाली सारत गेले, माहीत नाही.
'पाकिटाचं मला माहीत नाही.
आईला ओल्या कचऱ्यात कानातलं सापडलं,
चहाच्या चोथ्यात. सोन्याचं.
आम्हाला लिफ्ट नाही. चार मजले चढून दिलं.
काकू म्हणाल्या, दुसरं कुठंय?'

उत्तर इथंच संपलंय.
पोलीस ठाणं नाही,
प्रामाणिकपणा हा शब्द कुठेच नाही.
नमुन्याप्रमाणे शून्य.

स्टाफरूममध्ये दाखवलं.
'म्हसकर बाई, एकीला दिलेत तर
बाकीचे पालक दारात उभे राहतील,' धायरकर सर म्हणाले,
आणि डबा उघडता उघडता,
'पण मग? काय म्हणाली तिची आई?'

तेवढंच मी समासात लिहिलं, लाल शाईने:
मग आई काय म्हणाली?
गुणांची चौकट तशीच सोडली.

पेपर सहीसाठी घरी गेले, शुक्रवारी परत आले.
तनुजाच्या पेपरावर सही आहे,
एकेक अक्षर स्वतंत्र, जपून ठेवलेलं,
जिना चढल्यासारखं.
माझ्या प्रश्नाखाली पेन्सिलने,
नको असेल तर खोडता येईल इतकं फिकट:

'काही नाही.
खाली येऊन तिने चोथा परत चाळला.'